भिंग आणि कोंदण

हिरा पाहणाऱ्याची नजर कोंदणाकडे जात नाहीं, आणि जाऊं नये म्हणूनच सोनार कोंदण घडवितो. दागिना अंगावर वागविला, हातून पडला, दहा धक्के खाल्ले, तरी हिरा जागचा हलला नाहीं, एवढेंच कोंदणाचें यश. आणि तें यश मिळालें कीं त्याची आठवणहि कोणास राहत नाहीं. प्रकाशतंतूंच्या इतिहासाचें असेंच झालें आहे. केंसासारख्या काचेच्या तंतूंतून आज समुद्रापलीकडे बोलणें जातें, चित्रें जातात, पेढ्यांचे व्यवहार जातात, हें आमच्या वाचकांच्या घरांतील मुलांसहि ठाऊक आहे. हा चमत्कार कसा घडला असें विचारलें म्हणजे काच कसकशी निर्मळ होत गेली याची कथा सांगण्यांत येते. ती कथा खरी आहे, मोठी आहे, आणि तिच्या नायकास २००९ सालीं नोबेल पारितोषिकहि मिळालें आहे. परंतु त्या निर्मळ तंतूंत प्रकाश शिरावयाचा कोणत्या दारानें, आणि तें दार वर्षानुवर्षें जागच्या जागीं धरून ठेवावयाचें कशानें, हा प्रश्न त्या कथेंत बहुधा येत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या दाराचा, म्हणजे तंतूंत प्रकाश लोटणाऱ्या भिंगाचा व त्याच्या कोंदणाचा, इतिहास सांगणार आहों.

आरंभ पाण्यापासून करावा लागतो. १८४१ सालीं जिनीव्हा येथें दानिएल कोलाडों नांवाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांस जलप्रवाहाचे नियम शिकवीत होते. याच गृहस्थांनीं १८२६ सालीं गणिती स्टुर्म यांच्यासह जिनीव्हाच्या सरोवरांत ध्वनीचा पाण्यांतील वेग मोजला होता. हौदाच्या भोंकांतून निघणारी पाण्याची धार कशी वाकते, कोठें फुटते, हें व्याख्यानगृहांत दूर बसलेल्यांस नीट दिसत नसे. तेव्हां कोलाडोंनीं सूर्यप्रकाश नळीवाटे आंत आणला, एका भिंगानें तो हौदाच्या पाण्यांतून पलीकडल्या अंगाच्या भोंकावर एकवटला, आणि खोलींत अंधार केला. धार बाहेर पडली ती आंतून उजळलेली. ती जशी वाकली तसा प्रकाशहि तिच्यासंगें वाकला, आणि ती फुटली तेथें तो बाहेर सांडला. दाट पदार्थांतून विरळ पदार्थाकडे जाणारा किरण फार तिरपा आला म्हणजे बाहेर न पडतां आंतच परततो. या संपूर्ण अंतर्गत परावर्तनाचें इतकें देखणें प्रात्यक्षिक क्वचितच सांपडेल. १८४२ सालीं हा वृत्तान्त पॅरिसच्या विज्ञान अकॅडमीच्या पत्रिकेंत आला. पुढें १८५४ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जॉन टिंडाल यांनीं असाच प्रयोग करून दाखविला, आणि कित्येक इंग्रजी पुस्तकांनीं सर्व श्रेय त्यांच्याच पदरांत घातलें.

श्रेयाचा वाद बाजूस ठेवूं. आमच्या दृष्टीनें या प्रयोगांतील लक्षांत ठेवण्याजोगी वस्तु म्हणजे तें हौदामागचें भिंग. प्रकाशाच्या वाहकांत प्रकाश शिरविण्यासाठीं भिंग योजल्याचा हा ठळक दाखला. तें कशांत बसविलें होतें याची चौकशी कोणी केली नाहीं, आणि करण्याचें कारणहि नव्हतें. भोंक डोळ्यांस सहज दिसणारें. भिंग केंसभर इकडचें तिकडे झालें असतें तरी धारेचा उजेड कमी झाल्याचें कोणास कळलें नसतें. हा ‘केंसभर’ शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढचा सगळा झगडा केंसाच्याहि पोटांतल्या अंतराचा आहे.

मधल्या सव्वाशें वर्षांचा प्रवास आम्ही भरभर उरकतों. १८८० सालीं ग्रॅहॅम बेल यांनीं सूर्यकिरणांवर आवाज स्वार करून तो २१३ मीटर दूर पोंचविला. पण मोकळ्या हवेंतला किरण धुक्यानें आणि पावसानें अडतो. १९३० सालीं म्यूनिकमध्यें हाइनरिख लाम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें काचतंतूंच्या जुडींतून दिव्याच्या तारेचें चित्र पलीकडे नेलें. १९५४ च्या जानेवारींत ‘नेचर’ पत्राच्या एकाच अंकांत हॉलंडचे व्हान हील यांचा एक, आणि लंडनचे हॉपकिन्स व कपानी यांचा एक, असे या विषयावरचे दोन लेख प्रसिद्ध झाले. नरिंदरसिंग कपानी हे १९२६ सालीं पंजाबांत मोगा येथें जन्मले. या शास्त्राचें आजचें इंग्रजी नांव रूढ केलें तें त्यांनींच. १९५६ च्या अखेरीस मिशिगन येथें लॅरी कर्टिस या तरुण विद्यार्थ्यानें काचेच्या कांडीवर कमी वक्रीभवनांकाच्या दुसऱ्या काचेचें आवरण चढवून तंतु ओढला, आणि मनुष्याच्या जठरांत डोकावण्याची लवचिक दुर्बीण वैद्यांच्या हातीं आली. या सर्व उद्योगांत तंतूंची जुडीच्या जुडी वापरीत आणि जुडीचें तोंड रुंद असे. त्यामुळें दाराचा प्रश्न अद्याप दारांत आला नव्हता.

तो आला १९६६ नंतर. त्या वर्षीं इंग्लंडांतील हार्लो येथील प्रयोगशाळेंत चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, काचेंतून जातांना प्रकाश नाहींसा होतो तो मुख्यतः काचेंतल्या मळामुळें, काचेच्या स्वभावामुळें नव्हे. आणि एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा जरी शिल्लक राहिला तरी टेलिफोनचें काम भागेल. त्या काळच्या काचेंतून एवढें अंतर गेल्यावर शिल्लक म्हणावें असें कांहींच उरत नसे. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कारखान्याच्या माउरर, केक व शुल्ट्झ यांनीं ही अट पुरी करणारा तंतु ओढला. त्याच वर्षीं लेनिनग्राड येथें अल्फेरॉव्ह यांच्या मंडळीनें, आणि अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत हायाशी व पॅनिश यांनीं, नेहमींच्या उष्णतामानांत अखंड चालणारा अर्धवाहक लेसर सिद्ध केला. दिवा तयार झाला, वाट तयार झाली. उभयतांची गांठ घालून देणें तेवढें राहिलें.

तें किती कठीण होतें हें आंकड्यांवांचून ध्यानांत येणार नाहीं. एका मिलिमीटरचे हजार भाग केले म्हणजे त्यांतला एक भाग तो मायक्रॉन. माणसाचा केंस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दूरच्या पल्ल्याचा जो एकमार्गी तंतु, त्याची बाहेरची जाडी १२५ मायक्रॉन. परंतु ज्यांतून प्रकाश वाहतो तो गाभा अवघा आठ-नऊ मायक्रॉनांचा. लेसरचें तोंड त्याहूनहि बारीक: उंची एखादा मायक्रॉन, रुंदी कांहीं थोडे मायक्रॉन. अशा चिंचोळ्या फटींतून निघालेला प्रकाश तीस-चाळीस अंशांत फांकतो, आणि तोहि उभ्या दिशेनें अधिक, आडव्या दिशेनें कमी. उलट तंतु मोठा सोवळा. आपल्या अक्षाशीं सहा-सात अंशांहून अधिक तिरपा आलेला किरण तो आंत घेतच नाहीं. दोघांस नुसतें तोंडाला तोंड लावून उभें केलें तर प्रकाशाचा नऊ-दशांशाच्या आसपास भाग दाराबाहेरच सांडतो. भिंग मध्यें हवें तें याकरितां. आणि तें मध्यें आलें म्हणजे जागेवर राहिलें पाहिजे. तंतूंतील प्रकाशाची त्रिज्या पांच मायक्रॉन धरली, तर भिंगानें पाडलेली प्रकाशाची टिकली एक मायक्रॉन बाजूस सरकल्यास शंभरांत चार भाग वायां जातात. पांच मायक्रॉन सरकल्यास त्रेसष्ट. कोलाडोंच्या ‘केंसभरा’चा हा चौदावा हिस्सा झाला.

यंत्रज्ञांनीं प्रथम माघार घेतली, आणि ती शहाणपणाची होती असें आमचें मत आहे. आठ मायक्रॉनांचें दार संभाळतां येत नाहीं तर पन्नास मायक्रॉनांचें करावें, असा त्यांनीं विचार केला. १९७७ सालीं अमेरिकेंत लॉंग बीच व शिकागो येथें लोकांचीं टेलिफोनवरील संभाषणें प्रकाशतंतूंतून जाऊं लागलीं, तीं अशा रुंद गाभ्याच्या बहुमार्गी तंतूंतून. आपल्या देशांत शहरांतल्या टेलिफोन केंद्रांस जोडणारी प्रकाशतंतूंची पहिली योजना १९७९ सालीं सुरू झाली ती पुण्यांत, ही गोष्ट पुणेकरांसहि फारशी ठाऊक नसते. रुंद दारांत तडजोड होती ती अशी कीं, रुंद गाभ्यांत किरणांना वाटा पुष्कळ. कोणी सरळ जातो, कोणी नागमोडी. सर्व एकदम निघाले तरी एकदम पोंचत नाहींत, आणि संदेशाचे ठोके लांबच्या प्रवासांत एकमेकांत मिसळून जातात. गांवांतल्या गांवांत हें चालून जातें. समुद्र ओलांडावयाचा तर चालत नाहीं. १९८० नंतरच्या वर्षांत अरुंद दाराकडे परतणें भाग पडलें.

या दारासाठीं जीं भिंगें योजण्यांत आलीं त्यांच्या निरनिराळ्या तऱ्हा होत्या. एक तऱ्हा अशी कीं, वेगळें भिंग घ्यावयाचेंच नाहीं. तंतूचें टोंकच वितळवून गोल करावयाचें. १९७४ सालीं बेल प्रयोगशाळेच्या कोहेन व श्नायडर यांनीं तंतूच्या टोंकावरच सूक्ष्म भिंगें घडविण्याची रीति प्रसिद्ध केली. येथें कोंदणाची कटकट निम्मी होते, कारण भिंग आणि तंतु एकजीव असतात. पण तें टोंक लेसरच्या तोंडापासून कांहीं थोड्या मायक्रॉनांवर धरावें लागतें, आणि एकदां त्याचा धक्का लेसरला लागला कीं लेसर मेला म्हणून समजावें.

दुसरी तऱ्हा गोळीची. नीलमण्याची किंवा काचेची मिलिमीटरभर अथवा त्याहून लहान, पूर्ण गोल गोळी. दृष्टिशास्त्रज्ञ गोळीस नाकें मुरडतात, कारण तिच्या कडांतून गेलेले किरण आणि मध्यांतून गेलेले किरण एका ठिकाणीं मिळत नाहींत. परंतु कोंदणाच्या दृष्टीनें तिच्यासारखी गुणी वस्तु नाहीं. गोळीला अक्ष नाहीं, म्हणून ती तिरपी बसूंच शकत नाहीं. भोंकांत टाकली कीं तिचा मध्य भोंकाच्या मध्यावर येतो. किरणांच्या शिस्तींत थोडें कमी असलेलें भिंग बैठकीच्या गुणावर अव्वल ठरलें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

तिसऱ्या तऱ्हेची वंशावळ जुनी आहे. वक्रीभवनांक ठिकठिकाणीं निराळा असेल तर किरण गोल पृष्ठभागावांचूनहि वळेल, हा विचार जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८५४ सालीं मांडला. १९०५ सालीं अमेरिकेचे रॉबर्ट वुड यांनीं सरसाच्या जातीच्या जिलेटिनपासून असा दंडगोल करून दाखविला. त्याचीं दोन्ही टोंकें सपाट असूनहि तो भिंगाचें काम करी. पुढें १९६८ च्या सुमारास जपानांत निप्पॉन शीट ग्लास व निप्पॉन इलेक्ट्रिक या दोन कंपन्यांनीं मिळून काचेची कांडी वितळलेल्या क्षारांत बुडवून, काचेंतले कण बाहेर व क्षारांतले आंत अशी अदलाबदल घडविली, आणि मध्यापासून कडेकडे वक्रीभवनांक उतरत जाणारी कांडी तयार केली. तिला त्यांनीं ‘सेल्फॉक’ असें नांव दिलें. या कांडीचें खरें भाग्य तिच्या सपाट टोंकांत आहे. सपाट पृष्ठभागावर तंतु सरळ टेकवून चिकटवितां येतो. मध्यें पोकळी नको, धूळ शिरावयास जागा नको.

आतां कोंदणाकडे वळूं. भिंगाचा पहिला वैरी उष्णता. तारायंत्राच्या खांबावरची पेटी उन्हांत तापते, थंड मुलखांत गोठते. म्हणून असलीं उपकरणें शून्याखालीं चाळीस ते शून्यावर पंच्याऐशीं अंश अशा फेऱ्यांतून शेंकडों वेळां नेऊन पारखण्याचा प्रघात पडला आहे. लेसर आणि तंतु यांमधील अंतर पांच मिलिमीटर आहे, आणि तें ॲल्युमिनियमच्या पट्टीनें राखलें आहे, असें समजा. सव्वाशें अंशांच्या फरकानें ती पट्टी चौदा मायक्रॉनांनीं वाढते. पोलादाच्या नेहमींच्या न गंजणाऱ्या जातीची पट्टी असली तर दहा-अकरा. वर सांगितलेल्या हिशेबानें, हें सरकणें आडव्या दिशेनें झालें तर दार बंदच झालें म्हणावयाचें.

या संकटांत उपयोगी पडलेली धातु प्रकाशासाठीं जन्मलेलीच नव्हती. पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयांत शार्ल एदुआर गियोम हे प्लॅटिनमच्या महागड्या मीटर-पट्ट्यांऐवजीं स्वस्त पट्टी शोधीत होते. १८९६ सालीं त्यांस असें आढळलें कीं, लोखंडांत शेंकडा छत्तीस भाग निकेल घातलें म्हणजे ती मिश्रधातु उष्णतेनें जवळजवळ वाढतच नाहीं. हिचेंच नांव इन्व्हार. घड्याळांस व जमीन मोजणारांस तिचा मोठा उपयोग झाला, आणि १९२० सालीं गियोम यांस भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. वरच्या उदाहरणांत इन्व्हारची पट्टी घेतली तर वाढ एका मायक्रॉनाच्याहि आंत राहते. तिचीच एक बहीण कोव्हार. लोखंड, निकेल व कोबाल्ट यांची ही मिश्रधातु वेस्टिंगहाउस कंपनींत १९३० नंतरच्या दशकांत रेडिओच्या दिव्यांसाठीं तयार झाली. तिची वाढ एका विशिष्ट काचेच्या वाढीशीं बरोबर जुळते, म्हणून काच आणि धातु यांचा सांधा तापून निवला तरी तडकत नाहीं. लेसरच्या हवाबंद डब्या पुढें कोव्हारच्याच होऊं लागल्या.

नुसत्या धातूनें मात्र भागलें नाहीं. कोंदण सर्व बाजूंनीं सारखें, वाटोळें करावयाचें, म्हणजे वाढ झाली तरी ती चोहोंकडे समान होऊन भिंगाचा मध्य हलत नाहीं. हालचाल उरते ती अक्षाच्या दिशेनें, जेथें थोडी सूट असते. घड्याळजी आणि दुर्बीणवाले हें फार पूर्वींपासून जाणत होते. प्रकाशतंतूंच्या शास्त्रज्ञांस तें पुन्हां शिकावें लागलें.

दुसरा वैरी खुद्द काचेचाच स्वभाव. १९२० सालीं इंग्लंडांत फार्नबरो येथें ए. ए. ग्रिफिथ यांनीं काच का फुटते याचा छडा लावला. काचेच्या अंगावर डोळ्यांस न दिसणारे ओरखडे असतात. ताण पडला कीं सगळा भार त्या ओरखड्यांच्या टोंकाशीं गोळा होतो, आणि तेथून तडा धांवतो. ग्रिफिथ यांनीं काचेचे तंतु ओढून असेंहि दाखविलें कीं, तंतु जितका बारीक तितकी त्याची काच अधिक बळकट. ताणाला काच अशी भित्री आहे, पण दाबाला मात्र ती कितीतरी पटींनीं धीट आहे. या एका भेदावर भिंग धरण्याची सारी विद्या उभी आहे.

जुन्या सूक्ष्मदर्शकांत भिंग दोन तऱ्हांनीं बसवीत. एक, मागून आट्यांची कडी पिळून. दुसरी, पितळी बैठकीची पातळ कड भिंगावर घोटून वळवून. ही दुसरी म्हणजे शब्दशः सोनाराचें कोंदण. मिलिमीटरभर भिंगाला आटे पाडणें अवघड, आणि कडीचा दाब एखाद्याच बिंदूवर पडला तर तेथेंच तडा जातो. म्हणून प्रयोगशाळांनीं सोपा मार्ग धरला: इपॉक्सी राळेचा थेंब. स्वस्त, झटपट, आणि पारदर्शक असल्यामुळें दिसावयासहि गोजिरवाणा. परंतु राळ दमट हवेंत फुगते, सततच्या भाराखालीं हळूहळू वाहते, आणि उष्णतेनें वाफा सोडते. वर्षानें कोणी पाहिलें तर भिंग दोन मायक्रॉन भलतीकडे गेलेलें असावयाचें.

आणि वर्षाची गोष्ट कशाला? १४ डिसेंबर १९८८ रोजीं अटलांटिकच्या तळावरून पहिली प्रकाशतंतूंची केबल सुरू झाली. अमेरिकेंतून निघून ती एका फांट्यानें इंग्लंडास आणि दुसऱ्यानें फ्रान्सास लागली होती. एका वेळीं चाळीस हजार संभाषणें वाहण्याची तिची शक्ति होती. मध्यंतरीं पन्नासाहून अधिक किलोमीटरांवर एकेक पुनःप्रक्षेपक बसविला होता. त्यांत क्षीण झालेला प्रकाश विजेंत उतरवून नव्या लेसरनें पुन्हां तंतूंत सोडावा लागे, म्हणजे प्रत्येक मुक्कामावर तेंच दार आणि तेंच कोंदण. एक भिंग सरकलें कीं जहाज पाठवून कोसभर खोल पाण्यांतून केबल वर ओढावी लागावयाची. समुद्राच्या तळाशीं उष्णतामान फारसें बदलत नाहीं हें नशीब. पण अशा केबलीकडून पंचवीस वर्षांच्या सेवेची अपेक्षा धरीत. ती केबल २००२ सालीं निवृत्त झाली तें कांहीं मोडलें म्हणून नव्हे. नव्या केबलींपुढें तिची शक्ति तोकडी पडली म्हणून.

त्या नव्या केबलींत प्रकाश विजेंत न उतरवितां एर्बियमयुक्त तंतूंत थेट बळकट करितात. १९९७ सालीं मुंबईस लागलेली, इंग्लंड ते जपान अशी सुमारें अठ्ठावीस हजार किलोमीटर लांबीची फ्लॅग केबल याच जातीची होती. या प्रवर्धकांस बळ पुरविणाऱ्या जोरकस लेसरांची एक जात १९९० नंतर अकस्मात् मरूं लागली. लेसर निर्दोष, डबी हवाबंद, तरी तोंड जळालेलें. शोध करतां कळलें कीं डबींत राहिलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या अंशमात्र वाफा प्रखर प्रकाशानें विघटित होतात, लेसरच्या तोंडावर काजळी धरतात, आणि काजळी तापून तोंड जळतें. हवाबंदपणाच येथें घातक ठरला. डबींत थोडा प्राणवायु ठेवला कीं काजळी धरत नाहीं, असेंहि आढळलें. राळेचा थेंब मात्र अशा डब्यांतून हद्दपार झाला.

मग भिंग धरावें कशानें? येथें सोनार मागें राहिला आणि लोहार पुढें आला. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव कशी चढवितात तें जुन्या वाचकांनीं पाहिलें असेल. धांव चाकाहून किंचित् लहान घडवितात, गोवऱ्यांच्या आगींत लाल करितात, तापून मोठी झाली कीं चाकावर बसवितात, आणि वर पाणी ओततात. धांव आकसते, चाकाचे सगळे सांधे आवळले जातात, आणि खिळ्यावांचून चाक वर्षानुवर्षें एकसंध राहतें. तेंच येथें. न गंजणाऱ्या पोलादाच्या वाटोळ्या कड्यांत काचेचा गोळा ठेवून दोघांस तापवितात; काच मऊ झाली कीं सांच्यानें दाबून तिला भिंगाचा आकार देतात, आणि तीच काच कड्याच्या भिंतीस जाऊन भिडते. निवतांना पोलाद काचेहून थोडें अधिक आकसतें आणि भिंगास चोहोंकडून कवटाळतें. काचेवर पडतो तो दाब, ताण नव्हे. आणि दाबाला काच धीट. राळ नाहीं, आटे नाहींत, सांधा हवाबंद. शिवाय भिंगास पोलादाचें अंग मिळाल्यामुळें तें पोलादाशीं वेल्डहि करितां येतें. अशा भिंगास कित्येकशें पट गुरुत्वाचे धक्के सोसतात.

अति आवळणेंहि वाईट. दाबलेली काच प्रकाशाची दुहेरी फोड करूं लागते, हें डेव्हिड ब्रूस्टर यांनीं १८१५ च्या सुमारास दाखवून ठेवलें आहे. म्हणून कडें कोणत्या पोलादाचें, किती जाड, आणि भिंगाचा मधला किती भाग निर्मळ राहिला पाहिजे, यांचा मेळ घालावा लागतो. वेल्डचीहि अशीच खोड आहे. लेसरच्या ठिणगीनें पाडलेला वेल्डचा ठिपका थिजतांना आकसतो आणि कड्यास कांहीं मायक्रॉन आपल्याकडे ओढतो. यावर तोड अशी काढली कीं तीन ठिपके, परस्परांपासून १२० अंशांवर, एकाच क्षणीं द्यावयाचे, म्हणजे तिघांची ओढ एकमेकींस खाते. तरीहि उरलेल्या फरकासाठीं उलट बाजूस एखादा जादा ठिपका देऊन भिंगास परत ओढतात; रुसलेल्या दारास सुतार जसे दोन ठोके देतो तसें. हें काम करणारीं माणसें प्रकाशमापकाच्या कांट्याकडे डोळा लावून तासन् तास बसत. पुढें यंत्रें आलीं, तरी या डबीच्या किंमतींत लेसरपेक्षां ही जुळवाजुळवच बहुतेक वेळां भारी पडत आली. शास्त्राच्या इतिहासांत या माणसांचीं नांवें कोठें नाहींत, आणि ही उणीव आम्हांस खटकते.

एक मार्ग याहून निराळा आहे. दार अरुंद आहे तर दोन तंतु एकमेकांस जोडतांना प्रत्येकाच्या तोंडाशीं एक भिंग बसवून मधला प्रकाशझोत रुंद करावा. पांच मायक्रॉन त्रिज्येचा झोत दीडशें मायक्रॉनांचा केला म्हणजे आडव्या सरकण्याची सूट तीसपट वाढते, आणि पूर्वीं गाभ्याचा निम्मा भाग झांकणारा धुळीचा कण आतां कोठें पडला हें कळतहि नाहीं. रणांगणावर, खाणींत, मैदानावरून चित्रें पाठविणाऱ्यांच्या केबलींत असे जोड म्हणूनच वापरतात. चिखल पाण्यानें धुवावा आणि जोडावें. परंतु निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. झोत जितका रुंद, तितकी तिरपेपणाची सूट कमी: पूर्वीं साडेपांच अंश कललें असतां जेवढा तोटा होई, तेवढा आतां एक-पंचमांश अंशांतच होतो. तरी हा सौदा आम्हांस फायद्याचा वाटतो. मायक्रॉन राखणें कारागिराच्या हातास जड. सपाट तोंड आणि लांब, सरळ दंडगोल हे मात्र लेथवर पिढ्यान् पिढ्या निघत आले आहेत.

अलीकडे प्रकाशाच्या वाटा खुद्द सिलिकनच्या चकतीवर कोरूं लागले आहेत, आणि त्या वाटांची रुंदी जेमतेम अर्धा मायक्रॉन. म्हणजे तंतूच्या गाभ्याहूनहि वीसपट अरुंद दार. येथें लोहाराची धांव पोंचत नाहीं. पण सिलिकनचा स्फटिक दाहक पोटॅशच्या पाण्यांत झिजविला तर तो सर्व बाजूंनीं सारखा झिजत नाहीं; त्याच्या अंगच्या पातळ्या उघड्या पडून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खांच उरते, आणि तिच्या भिंतींचा उतार नेहमीं ५४.७ अंशांचाच येतो. तो अंश कोणी मापून पाडावा लागत नाहीं; स्फटिकांतील अणूंच्या रचनेनें तो ठरलेला असतो. या खांचेंत तंतु निजविला कीं त्याचा गाभा ठरल्या उंचीवर येतो. तसाच खळगा चौकोनी कोरून त्यांत गोळी सोडली कीं ती मध्यावर जाऊन बसते.